सातवाहन काळातली प्रेमकथा पडद्यावर: शृंगार नेमका कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवाहनांच्या काळात, पैठणच्या आसपास घडणारी एक प्रेमकथा तुम्ही लिहिली आहे. निर्मात्याला ती 'बोल्ड' हवी आहे आणि तुम्हाला ती उथळ होऊ द्यायची नाही. त्यात भर म्हणजे, त्या काळी बायका-पुरुष कमरेच्या वर फारसं काही नेसत नसत, असं तुमच्या वाचनात आलं. मग पडद्यावर शृंगार आणायचा कसा, आणि त्यासाठी आधी कोणते चित्रपट पाहायचे?

ऐतिहासिक नाटकं, मालिका आणि चित्रपटांची वेशभूषा हेच माझं आयुष्यभराचं काम आहे. त्यामुळे मी कापडाच्या आणि दागिन्यांच्या बाजूने बोलणार, पण हे सगळं पटकथेलाही लागू होतं. किंबहुना पटकथेत नसेल तर कापडाने ते साधत नाही.

प्रत्येक काळाला, प्रत्येक समाजाला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे जे असतं ते चारचौघांत चालतं, पलीकडे जातं ते फक्त दोघांचं. ऐतिहासिक प्रेमपटातला शृंगार या उंबरठ्यावर घडतो. तो उंबरठा कुठे आहे हे दिग्दर्शकाला ठाऊक असलं, की नायिका पायाच्या अंगठ्यापर्यंत झाकलेली असली तरी प्रेक्षकाचा श्वास अडकतो. ठाऊक नसेल तर कितीही अंग दाखवा, त्यातून काही उमटत नाही. ज्या जगात खांदे, पाठ, पोट उघडं असणं रोजचंच आहे, त्या जगातल्या नायकाला नायिकेचा उघडा खांदा दिसला म्हणून काय वाटणार? तिच्याकडे पाहून तो थबकतो तो दुसऱ्याच कशाने तरी. ते 'दुसरं काहीतरी' शोधणं हे तुमचं पहिलं काम.

'मुघल-ए-आझम' (1960) मधला पिसाचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, पण तो पुन्हा बघा आणि या दृष्टीने बघा. मधुबालाचं अंग पूर्ण झाकलेलं आहे. दूर कुठेतरी तानसेन गातोय, आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा, राग सोहनी, म्हणजे उत्तररात्रीचा. सलीम हाताने तिला जवळजवळ स्पर्शच करत नाही, पांढरं पीस तिच्या चेहऱ्यावरून फिरवतो. असं का? कारण तिथला उंबरठा स्पर्शाचाच आहे. ती महालातली कनीज, म्हणजे दासी, तो हिंदुस्तानचा वारस. तिने नजर वर करणं हेही धाडस. म्हणून हाताच्या आधी पीस जातं, आणि शेवटी तेच पीस दोघांच्या चेहऱ्यांच्या आणि आपल्या मध्ये येतं. के. आसिफ यांनी तो प्रसंग घाईने संपवलेला नाही. खाँसाहेबांची आलापी जितका वेळ मागते तितका वेळ चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या नटांना जरूर सांगा. दिलीप कुमार यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की हा प्रसंग चित्रित झाला तेव्हा ते आणि मधुबाला एकमेकांशी साधं बोलतही नव्हते. 'केमिस्ट्री जमली पाहिजे' म्हणून नट-नटीला सेटबाहेर एकत्र फिरायला लावणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावं. पडद्यावरची ओढ कारागिरीने उभी राहते.

'पाकीझा' (1972) पूर्णपणे ऐतिहासिक म्हणता येणार नाही, पण उंबरठ्याचं गणित तिथे फार सुंदर मांडलं आहे. साहिबजान नाचते, तिची पावलं रोज अख्खी मैफल बघते. ती आगगाडीत झोपेत असताना एक अनोळखी माणूस त्याच पावलांबद्दल चिठ्ठी लिहून ठेवून जातो आणि एका क्षणात ती पावलं खासगी होतात. जे सगळ्यांसाठी होतं ते एकाचं झालं. 'उमराव जान' (1981) मध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने आहे. कोठ्यावर रूप, आवाज, नाच सगळं विकायलाच ठेवलेलं. मग उमरावचं स्वतःचं असं काय उरतं? अमीरन हे लहानपणीचं नाव, आणि तिची शायरी. म्हणून नवाब सुलतान आणि तिच्यात जे काही घडतं ते शेरांमधून घडतं. मुझफ्फर अली यांच्या या चित्रपटात रेखा भरजरी पोशाखात असते, पण ते कपडे भाड्याने आणल्यासारखे दिसत नाहीत. लखनौ आणि अवधच्या जुन्या घरांतलं, वापरलेलं, अंगाला सवय झालेलं कापड त्यात आहे. खय्याम यांनी आशाताईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या खर्जाने गाण्याचं वय वाढलं, आणि त्यासोबत शृंगारालाही प्रौढपण आलं.

आता आपल्याकडे या. 'लोकशाहीर रामजोशी' (1947) आणि 'अमर भूपाळी' (1951) हे दोन्ही चित्रपट पेशवाईतल्या शाहिरांचे. तिथे बाई नऊवारीत, पदर, अंबाडा, सगळं जागच्या जागी. शृंगार आहे तो शब्दांत आणि चालीत. रामजोशी हा सोलापूरचा कीर्तनकार होऊ शकणारा ब्राह्मण, तो तमाशात जातो. फडावर बाईच्या रूपाचं वर्णन नखशिखांत करायला मोकळीक होती, घरात नव्हती, हाच त्या काळचा उंबरठा. 'अमर भूपाळी'तल्या होनाजीच्या 'लटपट लटपट' या लावणीत सगळा जीव बाईच्या चालण्यावर आहे. चालण्याचं असं वर्णन करायला नऊवारीच लागते, कारण कासेमुळे पायाची हालचाल मोकळी राहते आणि निऱ्यांचा, ओच्याचा भार पावलागणिक हलतो. संध्याबाईंचं पडद्यावरचं पदार्पण याच चित्रपटातलं.

याच्या शेजारी 'बाजीराव मस्तानी' (2015) ठेवून बघा. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर आधारलेला, देखणा, मेहनतीने केलेला चित्रपट. तरीही 'पिंगा' गाण्यावर महाराष्ट्रात जो आक्षेप आला, त्यात मला तथ्य वाटतं. काशीबाई आणि मस्तानी या दोघींनी एकत्र नाचणं इतिहासाला धरून नाही, एवढ्यापुरता माझा मुद्दा नाही. पेशव्यांच्या घरातल्या बाईचं डोकं, पोट, केस ही खासगी गोष्ट होती. ती गाण्यात सगळ्यांसमोर मोकळी केली, की नंतर नवरा-बायकोच्या एकांतात दिग्दर्शकाच्या हातात काही उरत नाही. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नसेल, पण त्याला ते जाणवतं.

निर्माते एक गोष्ट हमखास म्हणतात: आपली परंपरा मोकळी होती, मग सगळं दाखवायला काय हरकत आहे? परंपरेत दोन्ही आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगाराला रसांमध्ये पहिलं स्थान आहे, संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मीलनाचा आणि विरहाचा, असे त्याचे दोन प्रकार सविस्तर सांगितले आहेत. आणि त्याच ग्रंथात रंगमंचावर शयन, चुंबन, आलिंगन दाखवू नये असंही म्हटलं आहे. कारणही व्यवहारी दिलं आहे: नाटक बाप-लेक, सासू-सून एकत्र बसून बघतात. उलट 1929 सालच्या 'प्रपंच पाश' या मूकपटात सीतादेवी आणि चारू रॉय यांचं चुंबन आहे, आणि तेव्हा त्याने आकाश कोसळलं नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र चुंबन पडद्यावरून जवळजवळ नाहीसंच झालं. 1969 साली चित्रपट सेन्सॉरशिपवरच्या खोसला समितीने कथेला आवश्यक असेल तर त्याला हरकत नसावी असं सुचवलं. म्हणजे उंबरठा पुढे-मागे सरकतच असतो. तुमच्या चित्रपटात तर दोन उंबरठे आहेत, एक तुमच्या पात्रांचा आणि एक आजच्या प्रेक्षकाचा. दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतील.

हे ज्यांनी उत्तम सांभाळलं त्यात मी भानू अथैया यांचं नाव आधी घेते. कोल्हापूरच्या अण्णासाहेब राजोपाध्ये या चित्रकाराची मुलगी, जे. जे.ची विद्यार्थिनी, पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय. 'आम्रपाली' (1966) साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला. आता काळाचा हिशेब मांडा. आम्रपाली आणि अजातशत्रू बुद्धाच्या काळातले, आणि अजिंठ्याची गाजलेली चित्रं, म्हणजे 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांतली, वाकाटक काळातली, इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. मध्ये साधारण हजार वर्षं गेली आहेत. तरी वैजयंतीमाला त्या वेशात खरी वाटते. कारण अथैयाबाईंनी चित्रांतून नुसती नक्षी उचलली नाही, कापड आणि शरीर यांचं नातं उचललं. वस्त्र कमरेवर खाली बसतं, धड मोकळं राहतं, दागिन्यांचा भार गळा, दंड आणि कंबर यांवर येतो, आणि त्या भारामुळे उभं राहण्याची ढब बदलते. 'आम्रपाली' तेव्हा चालला नाही. पण त्यानंतर प्राचीन काळ दाखवणाऱ्या प्रत्येक वेशभूषाकाराने त्याच्याकडे पाहिलं आहे, मीही.

दुसरा चित्रपट गिरीश कार्नाडांचा 'उत्सव' (1984). शशी कपूर निर्माते, अशोक मेहता यांचं छायाचित्रण, शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'वर आधार. आपल्याला ही कथा देवलांच्या संगीत नाटकामुळे घरचीच वाटते, बालगंधर्वांची वसंतसेना आजोबा-पणजोबांच्या आठवणींत असते. या कथेत दागिने हेच कथानक आहे. वसंतसेना ते चारुदत्ताकडे ठेवून जाते, ते चोरीला जातात, त्यांची भरपाई म्हणून त्याची बायको आपला हार देते. नाटकात तर मुलाच्या मातीच्या गाडीत वसंतसेना स्वतःचे दागिने भरते आणि नावच त्यावरून पडतं. मग एकांतात तिच्या अंगावरून एकेक दागिना उतरतो तेव्हा त्याला अर्थ येतो. गणिकेचा दागिना म्हणजे तिचा बाजारभाव. तो उतरवून ती त्याच्यासमोर किंमत नसलेली बाई म्हणून उभी राहते. चित्रपट सैलही आहे, वात्स्यायनाच्या तोंडची काही विनोदी प्रवचनं मला लांबलेली वाटतात. पण शृंगारात हसू असतं, खोडी असते, हे त्याने जपलं. आणि सर्वांत धाडसी शृंगार मला कुठे दिसतो म्हणाल तर चारुदत्ताची बायको आणि वसंतसेना मिळून गातात त्या 'मन क्यों बहका' गाण्यात. लताबाई आणि आशाताई, दोन बायकांची एका रात्रीबद्दलची कुजबुज. वसंत देवांना त्या शब्दांसाठी फिल्मफेअर मिळालं.

मल्याळममध्ये भरतन यांचा 'वैशाली' (1988) बघा. कथा पौराणिक, ऋष्यशृंगाची, लेखन एम. टी. वासुदेवन नायर यांचं. ज्याने बाई कधी पाहिलीच नाही अशा तरुणापुढे गणिकेची मुलगी येते. तिथला उंबरठा अज्ञानाचा आहे, म्हणून त्याचं नुसतं बघत राहणं पुरतं.

आता तुमचा सातवाहन काळ. आधी एक सावधगिरी. 'प्राचीन महाराष्ट्र' म्हटलं की सगळे अजिंठ्याच्या पद्मपाणीकडे धावतात, पण ती चित्रं तुमच्या कथेनंतर तीन-चारशे वर्षांनी काढलेली आहेत. अजिंठ्यात सातवाहन काळाच्या जवळचं चित्रकाम बघायचं तर 9 आणि 10 क्रमांकाच्या लेण्यांत जा. ते पुसट झालं आहे, पण पागोटी, शिरोभूषणं, जाड कर्णभूषणं समजतात. मग कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची जोडपी बघा, आणि एकदा नुसती फोटोत न बघता तिथे उभं राहून बघा. माणसाच्या उंचीची, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली, हसरी. पुरुषांचे खांदे रुंद आणि पोट मऊ आहे. तुमच्या नायकाला व्यायामशाळेत पोटावर फळ्या पाडायला पाठवू नका, त्या शरीराचा त्या काळाशी संबंध नाही. बायकांच्या कमरेला जाड मेखला, पायांत जड वाळे, आणि वस्त्र इतकं तलम की दगडात ते फक्त काठाच्या रेषेने कळतं.

तेरलाही जा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडली, म्हणजे इसवी सन 79 च्या आधीची. दागिन्यांनी लगडलेली आणि वस्त्र जवळजवळ नाही. त्याच तेरचं, म्हणजे जुन्या तगरचं, सुती कापड आणि मलमल भडोचच्या बंदरातून परदेशी जात असे, याची नोंद 'पेरिप्लस' या सागरी व्यापारावरच्या जुन्या ग्रीक ग्रंथात आहे. तुमच्या नायिकेचा मुलूख कापडाचा आहे, याचा पटकथेत उपयोग करा. तिला स्वतःच्या अंगावरच्या सुताची पारख असेल. तो परगावचा असेल तर त्याच्या उत्तरीयाचा, म्हणजे खांद्यावरच्या वस्त्राचा, पोत बघून तो कुठून आला हे तिला कळेल, आणि ती हात लावून बघेल. झालाच की पहिला स्पर्श.

पण खरा खजिना आहे 'गाथासप्तशती'. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह, सातशे गाथांचा. स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली मराठी आवृत्ती मिळवा. त्यात राजवाडे कमी आणि गोदाकाठची शेतं, पाणपोया, स्वयंपाकघरं जास्त. एक गाथा तर पटकथेचा धडाच आहे. वाटसरू पाणपोईवर ओंजळीने पाणी पितोय, नजर वर लावून, आणि बोटं मुद्दाम विरळ करतोय, म्हणजे पाणी सांडत राहावं आणि पिणं लवकर संपू नये. पाणी घालणारी मुलगीही धार बारीक बारीक करत जाते. दोघांपैकी कुणी एक शब्द बोलत नाही. दोघांनी मिळून वेळ चोरला आणि ते दोघांनाही कळलं. उघडं अंग इथे कुठेच मुद्द्याचं नाही, तरी एवढा मादक प्रसंग दोन हजार वर्षांनंतरही सहजी सुचत नाही.

हा प्रसंग घेतलात तर संगीत घालू नका. पाण्याचा आवाज ऐकू द्या. तिचे दोन्ही हात घड्याला गुंतलेले ठेवा, म्हणजे खांद्यावरून सरकणारं उत्तरीय तिला सावरता येणार नाही. ते पूर्ण पडू देऊ नका. पडेल की काय हे तिच्या, त्याच्या आणि आपल्या मनात राहू द्या. आणि संकलकाला आधीच सांगून ठेवा की इथे कट लांबवायचा आहे.

दुसरी एक गाथा: चुलीपुढे काम करणाऱ्या बायकोचा काजळीचा हात गालाला लागतो, आणि नवरा हसतो, की आता तुझा चेहरा खरा चंद्र झाला, डागासकट. हे लग्न झालेलं जोडपं आहे. आपले ऐतिहासिक चित्रपट लग्नापर्यंत शृंगार करतात आणि लग्नानंतर युद्धावर जातात. 'जोधा अकबर' (2008) त्याला अपवाद. आशुतोष गोवारीकरांनी लग्न आधी लावलं आणि मग दोघांना एकमेकांकडे पोचायला वेळ दिला. त्यात अकबर उघड्या अंगाने तलवारीचा सराव करतो आणि जोधा चोरून बघते. बघणारी ती आहे, हे महत्त्वाचं. तुमच्या कथेतही तिच्या नजरेला निदान तेवढी जागा द्या जेवढी त्याच्या नजरेला दिली आहे.

उघड्या अंगाचा प्रश्न मी असा सोडवते. तुम्ही फक्त नायिकेला कमी कपड्यांत ठेवलंत आणि तिच्या मागे बाजारातल्या बायका गळ्यापर्यंत झाकलेल्या असल्या, तर प्रेक्षकाला लगेच कळतं की हा काळ नसून निर्मात्याची हाव आहे. म्हणून आधी गर्दी सजवा. म्हाताऱ्या, कुंभारीण, मासे विकणारी, राजपुरुष, भिक्षापात्र घेतलेला भिक्षू, सगळ्यांचे खांदे, पाठी, दंड मोकळे असू देत. स्तनपट्ट आणि उत्तरीय यांच्या वेगवेगळ्या तऱ्हा वापरा, म्हणजे आजच्या नटींना आणि आजच्या प्रेक्षकाला अवघडल्यासारखं होणार नाही. सुरुवातीच्या काही प्रसंगांत हे दिसत राहिलं की डोळा सरावतो. आणि मग एक जागा अशी येऊ द्या की इतका वेळ निःसंकोच वावरणारी नायिका त्याला पाहून पहिल्यांदा उत्तरीय ओढून घेते. त्या जगात झाकणं ही कबुली ठरेल. हे एकदा साधलं की पुढच्या एकांताच्या प्रसंगात तुम्हाला फार काही करावं लागत नाही. मेखलेची गाठ सुटली तरी पुरे.

कापडाबद्दल आता कामाचं बोलते. पॉलिस्टर मिसळलेलं काहीही नको, दिव्याच्या उजेडात ते लगेच चमकतं. हातसुताची तलम मलमल घ्या. आंध्रातली पोंदुरूची खादी परवडली तर उत्तमच. आणल्यावर तिची खळ पूर्ण जाईपर्यंत धुवा, वाळवा, पुन्हा धुवा. कोरं कापड अंगापासून लांब उभं राहतं, धुतलेलं अंगाला धरून राहतं. शुभ्र पांढरा कॅमेऱ्यात फुटतो, म्हणून चहाच्या किंवा हिरड्याच्या पाण्यातून काढा. लाल मंजिष्ठेचा, निळा नीळीचा. याहून जास्त रंगांची या कथेला गरज नाही. नाचाच्या आणि धावपळीच्या प्रसंगांसाठी अंतरीयाच्या, म्हणजे कमरेला नेसायच्या वस्त्राच्या, निऱ्या पट्ट्यावर शिवून घ्या, वरून मेखला येते, शिवण दिसत नाही. एकांताच्या प्रसंगासाठी मात्र न शिवलेला वेगळा जोड ठेवा. तिथे गाठ खरी असावी लागते आणि नटाची बोटं ती सोडवताना खरंच अडखळावी लागतात. हूक उघडणारा हात क्लोजअपमध्ये ओळखू येतो. नदीचा प्रसंग असेल तर प्रत्येक पोशाखाच्या चार प्रती आधीच करून ठेवा, नाहीतर ओलं-सुकं यात कंटिन्युइटीचा बोजवारा उडेल.

दागिने पितळेचे, भरीव, वर मुलामा दिलेले. पोकळ मण्यांचा आवाज पत्र्यासारखा येतो. ध्वनिमुद्रक तक्रार करेल की वाळ्यांमुळे संवाद ऐकू येत नाहीत. त्याला विनंती करून दागिन्यांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून घ्या, पुढे तो सोन्याच्या मोलाचा ठरतो. आणि कृपा करून नायिकेला गोरं करू नका. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातली सावळी राजकन्या नंतरच्या काळातली असली तरी आपल्या मातीतली आहे. सावळ्या कातडीवर तेलाचा हात आणि बाजूने येणारा दिव्याचा प्रकाश, यापुढे कुठलाही मेकअप फिका आहे.

नटांच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. एका सेटवर मी असं पाहिलं आहे की ऐन टेकच्या आधी नटीला 'अजून थोडं खाली' असं सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. तिचा चेहरा विझला तो दिवसभर तसाच राहिला, आणि पडद्यावरही तो विझलेलाच दिसतो. काय दिसणार, काय नाही, हात कुठे जाणार, हे करारात लिहा. आता आपल्याकडेही इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे जवळिकीचे प्रसंग नटांच्या संमतीने बसवून देणारे लोक, मिळतात, अंदाजपत्रकात त्यांचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा. तालीम त्याच पोशाखात आणि त्याच दागिन्यांत करा. उत्तरीय सांभाळायला शरीराला काही दिवस जावे लागतात, आणि सवय झाली की नटी ते खेळवायला लागते. चित्रीकरणाच्या वेळी सेट बंद, मॉनिटर मोजक्यांनाच, मोबाइल बाहेर, आणि 'कट' म्हणताच शाल घेऊन धावणारी माझी सहायक चौकटीच्या अगदी कडेला उभी. ही शाल माझ्या सामानाच्या यादीत नेहमी पहिली असते.

राहिला निर्माता. 'बोल्ड' म्हणजे त्याला नेमकं काय हवं आहे ते आधी विचारा. बहुतेकदा त्याला एवढंच हवं असतं की लोकांनी चित्रपटाबद्दल बोलावं. त्याला हिशेबाने पटवा: 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट तसाच्या तसा टीव्ही वाहिन्यांवर दाखवता येत नाही, आणि मराठी चित्रपटाच्या जमाखर्चात वाहिनीचे पैसे लहान नसतात. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या, प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे झाले आहेत. तुमची कथा मी सांगते तशी उभी राहिली तर सोळाच्या टप्प्यात बसायला हरकत नसावी.

आणि त्याला वाचून दाखवत बसू नका, चित्रित करून दाखवा. पाणपोईचा प्रसंग एका सकाळी होतो. दोन नट, एक घडा, दोन अंतरीयं, एक उत्तरीय, थोडे दागिने, नदीकाठचं एखादं मोठं झाड. उन्हाळ्यात करा, म्हणजे घाम आणि तहान खरी असेल. एकदा तो लांबवलेल्या कटसह आणि एकदा पटापट कापून, असे दोन्ही जोडून निर्मात्याला दाखवा. कोणता ठेवायचा ते मग त्यालाच ठरवू द्या. कापडासाठी पोंदुरूला मागणी नोंदवणार असाल तर मात्र आत्ताच नोंदवा. हातसूत आहे, त्यांना वेळ लागतो.